पटावर पूर्ण, वर्गात अर्धा

महाविद्यालयाचे दार गरिबाच्या मुलाला उघडले की समतेच्या लढ्यातला शिक्षणापुरता भाग पार पडला, असा एक समज पुरोगामी वर्तुळांत बराच काळ नांदत आला आहे. प्रवेशाची लढाई खडतर होती आणि ती लढणाऱ्यांचे ऋण मोठे आहे, याविषयी दुमत नाही. परंतु आत गेलेला मुलगा ठरल्या मुदतीत पदवी घेऊन बाहेर पडतो की नाही, आणि पडत नसेल तर त्याला कोण अडवते, हा प्रश्न चळवळीने जितक्या आस्थेने विचारावयास हवा होता तितका विचारलेला नाही. आता तो विचारण्यावाचून गत्यंतर उरलेले नाही. कारण अर्ध्यावर शिक्षण सोडण्याला, किंवा ते सावकाश रेटत नेण्याला, शासनाने प्रथमच रीतसर मान्यतेचा शिक्का दिला आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली आले. महाराष्ट्रात ते स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि विद्यापीठांना संलग्न असलेल्या सर्व महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले. त्यानुसार पदवीचे मोजमाप वर्षांवरून श्रेयांकांवर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या तोंडी असलेल्या ‘क्रेडिट’वर आले. मुंबई विद्यापीठात एका सत्राला २२ श्रेयांक, तीन वर्षांच्या पदवीला १३२ आणि चार वर्षांच्या पदवीला १७६, असा हिशेब आहे. एका वर्षानंतर एखादा छोटा व्यवसाय-अभ्यासक्रम जोडून बाहेर पडल्यास प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पडल्यास पदविका मिळते. मिळवलेले श्रेयांक २०२१ च्या नियमांनी स्थापन झालेल्या श्रेयांक पेढीत सात वर्षांपर्यंत जमा राहतात. एप्रिल २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने आणखी एक पाऊल टाकले. विद्यार्थ्याने नेहमीपेक्षा अधिक श्रेयांक घेतले तर तीन वर्षांची पदवी एक सत्र आधी पुरी करता येईल, आणि कमी घेतले तर दोन सत्रांपर्यंत लांबवता येईल. वेगाने जाणाऱ्यांसाठी प्रवेशसंख्येच्या दहा टक्क्यांची मर्यादा आहे. सावकाश जाणाऱ्यांसाठी अशी मर्यादा घालण्याची गरज आयोगाला वाटली नाही.

या तरतुदींत वाईट काय, असे कोणी विचारील. आजारपण आले, घरातला कर्ता माणूस गेला, मुलीचे बाळंतपण झाले, तर पूर्वी सारेच वाया जात असे; आता शिकलेले शिल्लक राहते. ही सोय स्वागतार्हच आहे. प्रश्न एवढाच की ती वापरणार कोण. वेगाची सवलत घेईल तो ज्याच्या घरी स्वतंत्र खोली आहे, खासगी शिकवणी आहे आणि पुढच्या परदेशी प्रवेशाची तारीख ठरलेली आहे. मंदगतीची सवलत घेईल तो ज्याला दुपारी दोन वाजता दुकानाचे शटर वर करावयाचे आहे. एकाच पटावरची दोन मुले, एकाच शुल्कात, वेगवेगळ्या काळाची मालक होतील. सक्तीने घडणाऱ्या गोष्टीला निवड असे गोंडस नाव देण्याची खोड भांडवली अर्थव्यवस्थेला जुनीच आहे. ती आता शिक्षणाच्या नियमावलीत शिरली आहे.

पूर्ण अभ्यासभार म्हणजे नेमके किती ओझे, हे एकदा घड्याळ लावून पाहणे बरे. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने एका श्रेयांकाला ३० तास धरले आहेत. त्यात वर्गातली व्याख्याने, प्रात्यक्षिके आणि घरचा अभ्यास हे सर्व आले. २२ श्रेयांकांचे ६६० तास होतात. सत्राचे अध्यापन पंधरा आठवड्यांचे धरले तर आठवड्याला ४४ तास पडतात. कारखान्यांच्या कायद्याने १९४८ पासून कामगाराच्या आठवड्याची कमाल मर्यादा ४८ तासांची मानली. याचा सरळ अर्थ असा की पूर्ण वेळ विद्यार्थी असणे ही जवळजवळ पूर्ण वेळची नोकरी आहे. जो मुलगा दुकानात किंवा मोटारसायकलवरून घरोघर खाद्यपदार्थ पोहोचवण्यात आठवड्याचे चाळीस-पंचेचाळीस तास घालवतो आणि ज्याचे नाव महाविद्यालयाच्या पटावरही आहे, त्याच्याकडून आठवड्याला नव्वद तासांच्या श्रमाची अपेक्षा केली जाते. कामगाराचे आठ तास मिळवण्यासाठी ज्या चळवळीने रक्त सांडले, त्याच चळवळीच्या कार्यकर्त्यांना कामगाराच्या मुलाचे हे नव्वद तास दिसू नयेत, हे नवलच म्हणावयाचे.

मग प्रत्यक्षात होते काय? मुंबईच्या महाविद्यालयांत विद्यार्थ्याला आजवर भार कमी-जास्त करण्याची मुभाच नव्हती. ज्या वर्षात प्रवेश, त्या वर्षाचे सारे विषय घ्यावेच लागत. तेव्हा कागदावर प्रत्येक विद्यार्थी पूर्णवेळ होता, आणि आहे. पण त्याच कागदाखाली एक दुसरे, न लिहिलेले अर्धवेळ शिक्षण या शहरात पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. हजेरी पंचाहत्तर टक्के हवी असा नियम आहे. ती भरत नाही म्हणून सत्राअखेर पालकांची सही आणि वैद्यकीय दाखला गोळा होतो. दोन विषय सुटतात, दोन राहतात. राहिलेल्यांना विद्यार्थी ‘केटी’ म्हणतात, आणि हा शब्द घराघरांत इतका रुळला आहे की त्याची लाजही उरलेली नाही आणि धास्तीही. पहिल्या वर्षाचे दोन विषय दुसऱ्या वर्षात, दुसऱ्याचे तीन तिसऱ्यात, असे ओझे चढत जाते. शेवटी सहा सत्रे बसून झालेला पण पदवी हाती न आलेला एक तरुण तयार होतो. त्याला कोणी अर्धवेळ विद्यार्थी म्हटले नाही, म्हणून अर्धवेळ विद्यार्थ्याला जे साहाय्य द्यावयास हवे तेही कोणी दिले नाही. नव्या नियमांनी ही लपलेली स्थिती उघड्यावर आणली, एवढे श्रेय त्यांना द्यावयास हरकत नाही. (आणि शिकवणाऱ्यांचे काय? त्यांतलेही पुष्कळजण वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर, तासागणिक मोबदल्यावर, दोन-तीन महाविद्यालयांत धावत असतात. अर्धवेळ विद्यार्थ्यापुढे अर्धवेळ शिक्षक उभा करून पूर्ण पदवीची अपेक्षा बाळगणे ही शासनाची खास करामत आहे.)

वर्सोव्याचे उदाहरण घ्यावे. मुंबईच्या मोठ्या कोळीवाड्यांपैकी एक येथे आहे. एका बाजूला खाडी आणि पलीकडे मढ, दुसऱ्या बाजूला यारी रोड, सात बंगला आणि चित्रपटसृष्टीच्या आशेने आलेल्यांची भाड्याची घरे. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा ते घाटकोपर ही शहरातली पहिली मेट्रो धावू लागली. स्थानकाला वर्सोव्याचे नाव मिळाले, पण ते आहे सात बंगल्याकडे, आणि कोळीवाड्यातून तेथवर जाण्यास बस किंवा रिक्षा लागतेच. मढची मुले तर आधी तरीने खाडी ओलांडून येतात आणि मग अंधेरीचा रस्ता धरतात.

या वस्तीचे काळाचे गणित विद्यापीठाच्या गणिताशी कसे जुळत नाही, ते पाहण्यासारखे आहे. राज्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, जाळी विणण्या-सांधण्याचे काम चाललेले, हाती पैसा नाही पण वेळ आहे. याच दिवसांत महाविद्यालयांचे प्रवेश होतात आणि वर्ग सुरू होतात. कोळ्याचा मुलगा पहिले काही आठवडे नियमित जातो. मग नारळी पौर्णिमा येते, होड्या समुद्रात उतरतात आणि हंगाम अंगावर येतो. भरती-ओहोटीला तास नसतो; बोट रात्री दोनला लागली तर रात्री दोनला मासळी उतरवावी लागते, निवडावी लागते, बर्फात घालावी लागते. पहाटे आई पाटी घेऊन बाजाराला निघते आणि घर, धाकटी भावंडे, स्वयंपाक हे मुलीच्या अंगावर पडते. पावसाळा सरून ऊन पडले की बांबूंवर बोंबील वाळत घालण्याचे काम सुरू होते, आणि तेव्हाच पहिल्या सत्राची परीक्षा तोंडावर येते. या मुलांना अभ्यासाचा कंटाळा असतो, असा शेरा शिक्षकांच्या खोलीत ऐकू येतो. शेरा मारणाऱ्यांपैकी कितीजणांनी पहाटे चार वाजता वर्सोव्याचा किनारा पाहिला असेल?

त्यातही एक गोष्ट फार बोलकी आहे. याच वर्सोव्यात केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था उभी आहे. १९६१ साली स्थापन झालेल्या या संस्थेला १९८९ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मासळीचे प्रजनन, समुद्रातील साठ्यांचे मोजमाप, माशांचे रोग, मत्स्य-अर्थशास्त्र यांचे पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन तेथे होते, आणि देशभरातून विद्यार्थी त्यासाठी येतात. पण तेथे पाऊल ठेवावयाचे तर आधी मात्स्यिकीतली चार वर्षांची पदवी हवी. ती देणारे कोकणातले महाविद्यालय रत्नागिरीजवळ शिरगावला, १९८१ पासून आहे. म्हणजे कोळीवाड्यातल्या ज्या मुलाला जन्मापासून समुद्र कळतो, त्याला आपल्याच गल्लीच्या टोकाशी असलेल्या संस्थेत शिरण्यासाठी आधी चार वर्षे घरापासून दूर, कमाईवाचून काढावी लागतात. एका वर्षाचे प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची सोय त्याला त्या फाटकापर्यंतसुद्धा नेत नाही. आणि मासेमारीवर पूर्वीसारखे विसंबून राहावे, अशी परिस्थितीही राहिलेली नाही. किनाऱ्याजवळची मासळी घटली आहे, सांडपाण्याने खाडी काळवंडली आहे, वर्सोवा-वांद्रे सागरी सेतूच्या कामाने होड्यांच्या वाटांविषयी कोळ्यांच्या मनात धास्ती आहे. ज्या पिढीला धंदा सोडावा लागण्याचा संभव सर्वांत अधिक, त्याच पिढीला शासन सांगते की सावकाश शिका, मध्येच थांबा, पेढीत श्रेयांक ठेवून जा.

पूर्ण भार घ्या आणि वेळेत संपवा, असा आग्रह धरणारी मोहीम अमेरिकेत गेल्या दीड दशकात जोरात चालली. तेथील कम्युनिटी कॉलेजे ही गरिबांची, स्थलांतरितांची आणि नोकरदारांची महाविद्यालये. दोन वर्षांची पदवी देणारी आणि स्वस्त. (आपल्याकडेही अनुदान आयोगाने २०१३ च्या सुमारास त्या नावाची योजना आणली होती, ती रुजली नाही.) तेथे दोन वर्षांत ६० श्रेयांक व्हावयाचे तर सत्राला १५ हवेत. पण केंद्र सरकारच्या मदतीसाठी १२ घेणाराही पूर्णवेळ मानला जातो, आणि बहुसंख्य विद्यार्थी तेवढेही घेत नाहीत. हवाई विद्यापीठाने पंधरा घेण्याचा प्रचार प्रथम आरंभला आणि तो अनेक राज्यांत पसरला. फलक लागले, पत्रके निघाली. उपदेश स्वस्त असतो, म्हणून तो लवकर पसरतो.

न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठाने मात्र २००७ मध्ये याच आग्रहाला निराळे वळण दिले. त्यांनी आपल्या कम्युनिटी कॉलेजांतील काही विद्यार्थ्यांना अट घातली की पूर्ण भार घ्यावाच लागेल. आणि अटीबरोबर जबाबदारीही पत्करली: मदतीत न बसणारे शुल्क माफ, पुस्तके फुकट, शहरातल्या भुयारी रेल्वेचा आणि बसचा पास फुकट, सलग तासांचे वेळापत्रक, आणि प्रत्येकाची विचारपूस करणारा एक सल्लागार. त्याच्याकडे विद्यार्थी थोडे असत, त्यामुळे त्याला प्रत्येकाचे नाव ठाऊक असे. पुढे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट निवडून या प्रयोगाची कसोशीने तपासणी झाली. तीन वर्षांत पदवी मिळवणारे साध्या गटात शेकडा २२ होते, या गटात ४०. ओहायो राज्यात हाच प्रयोग पुन्हा केला तेव्हाही प्रमाण जवळजवळ दुपटीच्या घरात गेले. खर्चाचा हिशेब सर्वांत बोधप्रद आहे. दर विद्यार्थ्यामागे खर्च वाढला, पण दर पदवीमागे पाहिला तर तो दहा टक्क्यांहून अधिक कमी भरला. तो देश समाजवादी नव्हे, आणि हा प्रयोग करणारेही समाजवादी म्हणून मिरवत नव्हते. पण गरीब विद्यार्थ्याला आधार देणे हा उधळेपणा आहे असे मानणाऱ्या मंत्रालयातील अर्थपंडितांना ते आकडे कोणी तरी वाचून दाखवावेत.

न्यूयॉर्कपर्यंत जाण्याचे तसे कारण नव्हते. पण त्याच शहराशी महाराष्ट्राचे या बाबतीतले नाते फार जुने आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर: दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. त्या तीन वर्षांत त्यांनी जे अभ्यासक्रम घेतले त्यांची यादी थक्क करणारी आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय फ्रेंच आणि जर्मन. एकूण ६०. त्यांच्या असामान्य बुद्धीचे आणि अठरा-अठरा तासांच्या अभ्यासाचे गोडवे दर जयंतीला गायिले जातात. ते सारे खरेच आहे. पण बडोद्याच्या पैशाने त्यांना जे विकत घेऊन दिले होते ते होते तीन वर्षांचे अखंड तास, याकडे वक्त्यांचे लक्ष जात नाही. तो पैसा थांबला तेव्हा काय झाले, हेही त्याच चरित्रात आहे. १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परतण्याची मुभा दिली होती, म्हणजे आजच्या भाषेत त्यांचे श्रेयांक पेढीत होते. परंतु परत जाण्यासाठी त्यांना सिडनहॅम महाविद्यालयात १९१८ ते १९२० अध्यापन करून पै-पै साठवावी लागली, शाहू महाराजांचे साहाय्य घ्यावे लागले, नवल भथेना या मित्राकडून कर्ज काढावे लागले. आंबेडकरांसारख्या माणसालाही खंड पडलेला अभ्यास पुन्हा जोडण्यासाठी इतके करावे लागले. वर्सोव्यातला जो पोरगा पहिल्या वर्षाचे प्रमाणपत्र घेऊन मॉलमधल्या दुकानात उभा राहील, त्याला परत आणणारे सयाजीराव, शाहू किंवा भथेना कोण? पेढीत श्रेयांक सुरक्षित असतील. मुलगा परतणार नाही.

हा अनुभव गाठीशी असल्यामुळेच बाबासाहेबांनी २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले तेव्हा सकाळच्या वर्गांची रचना केली, म्हणजे मुलांना नंतर कामावर जाता यावे. त्याच्याही आधी, १८५५ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली होती. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेचा दाखला तर प्रत्येक सभेत दिला जातो. परंतु तो देताना एक महत्त्वाची गोष्ट विसरली जाते. रयत शिक्षण संस्थेत काम देणारी संस्था आणि शिकवणारी संस्था एकच होती. शेतावर किती तास जावयाचे आणि वर्गात किती, हे भाऊराव ठरवत. अभ्यास बुडेल इतके काम देण्यात त्यांचा काही लाभ नव्हता. आज मुलगा कमावतो एकाकडे आणि शिकतो दुसऱ्याकडे, आणि कमाईच्या मालकाला त्याच्या परीक्षेची तारीख ठाऊक असण्याचे कारण नाही. घरपोच सेवेच्या मोबाइल-यंत्रणेत तर मालक नावाचा माणूसच दिसत नाही. फेऱ्या कमी झाल्या की कमाई घटते, एवढेच. अशा स्थितीत ‘कमवा आणि शिका’चे नाव घेऊन विद्यार्थ्यांच्या पिळवणुकीला कर्मवीरांचा आशीर्वाद मिळवून देणे हे त्यांच्या स्मृतीशी प्रतारणा करण्यासारखे आहे.

पक्षातल्या काही मित्रांचे मत निराळे आहे. त्यांचे म्हणणे असे की पूर्ण भाराचा आग्रह हा मध्यमवर्गीय आग्रह आहे. ज्याच्या घरी चूल पेटत नाही त्याला वेळेत पदवी घे असे सांगणे ही क्रूर चेष्टा होय, आणि लवचीकपणा हा त्याच गरिबाचा हक्क आहे. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. तिशी ओलांडलेली घरकामगार, गिरणीच्या संपानंतर शाळा सुटलेल्या बापाची चाळिशीतली मुलगी, रिक्षा चालवणारा गृहस्थ यांना सावकाशीचाच मार्ग योग्य आहे, आणि १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने अशा हजारोंना पदवीपर्यंत नेले आहे. तो मार्ग अधिक रुंद व्हावा. परंतु अठरा वर्षांच्या मुलाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या आयुष्यातला काळ पुढे स्वस्त होणार नसतो. एकविसाव्या वर्षी घरची अपेक्षा वाढते, मुलीच्या बाबतीत लग्नाचा लकडा सुरू होतो, थोरल्या भावाचा संसार वेगळा होतो. पदवी एक वर्ष लांबली म्हणजे पदवीधराच्या पगाराचे एक वर्ष गेले, आणि लांबलेली पदवी बहुधा सुटतेच. चूल पेटत नाही हे खरे असेल तर चूल पेटवण्याची मागणी केली पाहिजे. ती न करता मुलाच्या अभ्यासाचे तास कमी करून घेणे, याला गरिबांची बाजू घेणे कसे म्हणावे?

शासनाकडे पैसा नाही, हे उत्तर येथे चालणार नाही. २०२४ साली राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्याला दरमहा सहा हजार, पदविकाधारकाला आठ हजार, पदवीधराला दहा हजार रुपये विद्यावेतन देऊन त्याला कार्यालयात किंवा कारखान्यात कामावर ठेवण्याची ती योजना. तिची एक अट अशी की ज्याचे शिक्षण चालू आहे तो अपात्र. म्हणजे बारावीनंतर महाविद्यालयात जाणाऱ्याला शासन काही देत नाही. न जाणाऱ्याला सहा हजार देते. शिक्षण सोडण्यावर बक्षीस लावणारी याहून सरळ योजना शोधूनही सापडली नसती. त्याच वर्षी आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मागास आणि दुर्बल घटकांतील कुटुंबांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ झाले. निर्णय चांगला होता, पण वर्सोव्याच्या मुली मोठ्या संख्येने ज्या कला-वाणिज्य शाखांत जातात त्या त्यात नाहीत, आणि त्यांना अडवणारी गोष्ट शुल्कापेक्षा घरकाम आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेली स्वाधार योजना मुंबईसारख्या शहरात वर्षाला साठ हजार रुपयांपर्यंत निर्वाहासाठी देते. पण तिला पात्र होण्यासाठी विद्यार्थी स्थानिक नसावा लागतो. बाहेरगावाहून आलेल्याला मदत मिळालीच पाहिजे. मात्र झोपडीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसांबरोबर राहणारा मुंबईचा मुलगा आपल्या घरी राहतो म्हणून त्याला निर्वाहाची चिंता नाही, असे ठरवणारा अधिकारी त्या खोलीत एक रात्र राहून अभ्यास करून दाखवील तर बरे होईल.

तेव्हा पक्षाने पूर्ण भाराचा आग्रह धरावा, आणि त्याची किंमत शासनाकडे मागावी. ज्याने सत्राचे २२ श्रेयांक घेतले आणि हजेरी ठेवली, त्या अल्प उत्पन्न गटातील प्रत्येक विद्यार्थ्याला, कोणत्याही शाखेत असो, बारावीनंतर घरी बसणाऱ्याला देऊ केले होते तेवढे विद्यावेतन मिळावे. मेट्रो, बस आणि तर यांचा एकच विद्यार्थी-पास असावा. सर्वांत स्वस्त आणि तातडीची मागणी वेळापत्रकाची आहे. नव्या रचनेत मुख्य विषय, दुय्यम विषय, खुले ऐच्छिक, कौशल्य, भारतीय ज्ञानप्रणाली अशी अनेक टोपल्यांतली वाटणी असल्यामुळे तास दिवसभर विखुरले जातात. सकाळी आठला एक, मग अकराला, मग तीनला. त्यामुळे मुलगा धड शिकत नाही आणि धड कामही करू शकत नाही. सकाळी सात ते साडेअकरा असे सलग तास लावण्यास महाविद्यालयाला एक पैसा अधिक लागत नाही. सिद्धार्थ महाविद्यालयाला १९४६ मध्ये जे जमले ते संगणकाच्या काळात जमू नये, असे काही नाही. आणि विद्यार्थी-कामगाराला आठवड्यात वीस तासांपलीकडे राबवू नये, परीक्षेच्या पंधरवड्यात पगारी सुटी द्यावी, ही मागणी दुकान-कामगारांच्या संघटनांनी आपल्या मागणीपत्रात घालावयास हवी. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये दुकानांतील रोजच्या कामाची मर्यादा नऊवरून दहा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. वाढलेला तो दहावा तास अनेक ठिकाणी विद्यार्थ्याच्या अभ्यासातूनच कापला जाणार आहे.

एक कटू गोष्ट पक्षाच्या कार्यकर्त्यांनीही ऐकून घ्यावी. मोर्चाला माणसे कमी पडली की विद्यार्थी आठवतात. निवडणुकीच्या महिन्यात मतदारयाद्या घेऊन फिरणारी, रात्री भिंती रंगवणारी मुले बहुतेक महाविद्यालयीन असतात आणि त्यांतली बहुतेक पहिल्या पिढीतली असतात. नेत्यांची मुले त्या दिवसांत वर्गात असतात. साने गुरुजींचा वारसा सांगणाऱ्या आणि सेवा दलाच्या शाखांत वाढलेल्या पक्षाला हे शोभत नाही. चळवळीत आलेल्या मुलाला केटी लागली तर त्याचा जाब शाखाप्रमुखाला विचारला गेला पाहिजे. परीक्षेच्या काळात कोणत्याही विद्यार्थ्याला पक्षकार्यास बोलावू नये, असा ठराव जिल्हा समित्यांनी करण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

वर्सोव्यासारख्या ठिकाणी शाखेला करण्याजोगे काम तर हाताशीच आहे. १ जूनला होड्या वर येतात आणि प्रवेशाचे अर्जही त्याच सुमारास निघतात. त्या दिवसांत घरचे सारे वस्तीत असतात, बोलावयास सवड असते. शाखेने कोळीवाड्यात एक टेबल मांडून बसावे, अर्ज भरून द्यावेत, आणि प्रत्येक घराशी आई-वडिलांसमक्ष एवढेच ठरवून घ्यावे की हंगाम सुरू झाल्यावर मुलाचे आणि मुलीचे कोणते तास कामाचे आणि कोणते अभ्यासाचे. मासेमार सहकारी सोसायटीच्या किंवा समाजमंदिराच्या जागेत रात्री दिवा आणि चार बाके मिळाली तर अभ्यासिका होते. त्यासाठी महापालिकेच्या मंजुरीची वाट पाहण्याचे कारण नाही. ऑगस्टमध्ये नारळी पौर्णिमेनंतर, म्हणजे वर्गातली हजेरी खरोखर गळू लागते तेव्हा, त्याच घरी पुन्हा जावे आणि कोण जाते, कोण जात नाही याची नोंद ठेवावी. अंधेरी-विलेपार्ल्याच्या महाविद्यालयांकडे सलग वेळापत्रकाची मागणी घेऊन जाताना ती नोंदवही बरोबर असावी. वेळापत्रके मे महिन्यात ठरतात. शिष्टमंडळाने त्याआधी, एप्रिलमध्येच, प्राचार्यांची भेट मागावी.